अभिप्रायाचा रिकामा रकाना

१

घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ सकाळी दहाच्या ठोक्याला आमच्या कार्यालयात शिरले, तेव्हा त्यांच्या काखेत तीन फूट लांबीचा पत्र्याचा बोर्ड होता. रस्त्यावरून उपटून आणलेला. खांबाच्या बुडाला सिमेंटचा गोळा तसाच चिकटून होता. त्यांनी तो थेट साहेबांच्या टेबलावर आडवा टाकला आणि विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

बोर्डावर फुलं होती, झेंडे होते आणि खाली मजकूर होता: 'शिखर परिषदेमुळे या रस्त्यावरील विक्री बारा टक्क्यांनी वाढली.'

"अकरा दिवस माझ्या दुकानात चिटपाखरू फिरकलं नाही. तुमची बाई आली होती विचारायला, तिला मी हेच सांगितलं. तिने माझ्यासमोर लिहून घेतलं. मग हे बारा टक्के आले कुठून? आता धंदा वाढला म्हणून दुकानपट्टी वाढवणार म्हणे. काही लाज?"

देशोदेशीचे पुढारी आमच्या शहरात येऊन, जेवून, फोटो काढून गेले त्याला दोन महिने झाले होते. त्यांच्या येण्याने शहराचा किती फायदा झाला हे मोजण्याचं काम आमच्या सांख्यिकी कार्यालयाकडे होतं. अहवाल उद्या दुपारी जाहीर व्हायचा होता. असा बोर्ड प्रत्येक रस्त्यावर आधीच ठोकून झाला होता. उत्साह दांडगा, दुसरं काय!

साहेबांनी म्हाताऱ्यांना गोड बोलून बाहेर बसवलं आणि मला बोलावलं.

मी पडताळणीवाली. सर्वेक्षणाच्या बायका-माणसं दारोदार फिरून फॉर्म भरून आणतात. ती खरंच फिरली की कुठेतरी चहा पीत बसून फॉर्म भरले, हे मी शोधते. तीस वर्षं हेच करते आहे. माझ्यामागे मला चाळणी म्हणतात. म्हणोत बापडे.

"त्या रस्त्याचे चौऱ्याऐंशी फॉर्म भिंगरीने भरलेत," साहेब म्हणाले. "घरी बसून भरले असणार. चार वाजेपर्यंत तसा लेखी अहवाल द्या. तिला काढून टाकू, काळ्या यादीत घालू, विषय संपला."

"मी आधी बघते."

"बघा की. पण एक लक्षात असू द्या." त्यांनी फाइलीचं पहिलं पान माझ्याकडे वळवलं. 'पडताळणी केली, समाधानकारक', आणि खाली सही. माझीच.

ही पडताळणी होती त्या आठवड्यात माझा गुडघा सुजला होता. मी घरी पडून होते. भिंगरीचं काम चोख असतं, म्हणून मी त्या रस्त्यावर न जाताच घरून सही करून पाठवली होती. तीस वर्षांत पहिल्यांदाच.

२

भिंगरी बाहेरच्या बाकावर बसली होती. पस्तिशीची, कंत्राटावरची, चपलेचे तळ कायम झिजलेले. दिवसभर फिरते म्हणून तिचं नाव भिंगरी. सासरे अंथरुणाला खिळलेले, नवरा परागंदा, कमावती ती एकटी. काळ्या यादीत नाव गेलं की या शहरात सर्वेक्षणाचं काम पुन्हा मिळत नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

मी फाइल तिच्या मांडीवर ठेवली. तिने चार-पाच फॉर्म उलटले आणि तिचा चेहराच उतरला.

"बाई, हे माझे फॉर्म नाहीत."

"सही तुझी आहे."

"माझ्यासारखी आहे. माझी नाही. बाई, माझे फॉर्म गेले कुठे?"

असं सगळेच म्हणतात. मी मनातल्या मनात हसलेसुद्धा, खोटं कशाला सांगू. खोट्या फॉर्मांच्या माझ्याकडे सात खुणा आहेत. सगळे आकडे शून्यावर संपणारे. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच पेन. एकही दार बंद सापडलेलं नाही. अशा सात. त्या मी कुठे लिहून ठेवलेल्या नाहीत आणि कार्यालयात कुणाला सांगितलेल्या नाहीत. सांगितल्या तर लोक त्या टाळायला शिकतील. मी एकेक खूण लावून पाहिली. सातही खुणांना फाइल पुरून उरली. आकडे वेडेवाकडे, पेन दोनदा बदललेलं, सहा दुकानांसमोर 'दार बंद', पाटीवर कागद धरून लिहिल्याचे वळ, एका फॉर्मावर चहाचा थेंबसुद्धा.

म्हणजे माझ्या हिशोबाने फॉर्म खरे होते. आणि बाहेर बसलेला म्हातारा शपथेवर सांगत होता की ते खोटे आहेत.

"माझ्या फॉर्मांवर लोकांचे अभिप्राय होते, बाई," भिंगरी म्हणाली. "शेवटचा रकाना. लोकांनी इतकं सांगितलं की मला तिथे बारीक अक्षरात लिहावं लागलं."

मी पुन्हा पानं उलटली. आमच्या फॉर्मात बाकी सगळीकडे आकडे लिहायचे आणि गोल करायचे असतात. वाक्य लिहायची एकच जागा, शेवटचा रकाना. तो चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी फॉर्मांवर रिकामा होता.

तीस वर्षांत मी असं कधी पाहिलं नव्हतं. दुकानदाराला 'आणखी काही सांगायचंय का' विचारा आणि तो 'नाही' म्हणेल? अहो, गप्प बसवावं लागतं त्यांना. भिंगरीने घरी बसून थापा मारल्या असत्या तर स्वतःच्या अक्षरात दोन-चार अभिप्राय खरडायला तिला कुणाची भीती होती? रकाना रिकामा सोडतो तो, ज्याचं अक्षर वेगळं असतं.

३

अभिलेख कक्ष तळघरात आहे. तिथले आप्पा माझ्याइतकेच जुने. फाइल कुणी कधी नेली याची नोंदवही त्यांच्याकडे असते.

"आप्पा, या रस्त्याची फाइल कुणाकुणाकडे गेली?"

त्यांनी वही उघडून बोटाने ओळ दाखवली. भिंगरीने जमा केली, चौऱ्याऐंशी फॉर्म, पोच दिली. मग साहेबांनी चार दिवस ठेवून घेतली, 'अवलोकनार्थ'. मग माझ्या भाचीने तीन दिवस नेली, संगणकात आकडे भरण्यासाठी. मग परत कपाटात.

भाची म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा पोर नऊ वर्षांची होती. तेव्हापासून माझ्याच घरी वाढली. गणितात हुशार. इथे विश्लेषण शाखेत आहे, याच महिन्यात कायम व्हायची आहे. आकडे भरणं तिचं कामच आहे, त्यामुळे तिच्या नावावरून माझी नजर घसरून साहेबांच्या नावावर जाऊन थांबली. चार दिवस! साहेबांनी आयुष्यात कुठली फाइल चार दिवस वाचली असेल तर मी नाव बदलीन.

"आणि तुम्ही, आप्पा? किल्ली तुमच्याकडेच."

"मी?" आप्पा खवळले. "मला फॉर्ममध्ये काय लिहिलंय ते वाचायला वेळ आहे का? एक बाजू कोरी आहे की नाही एवढं मी बघतो. नवी फर्मानं निघालीत, रद्दी यंत्रात घालून बारीक करा म्हणे. चांगला कागद! माझ्याच्याने होत नाही. मी चार तुकडे कापतो, टाचतो, सगळ्यांच्या टेबलावर कच्च्या वह्या पोचवतो. साहेबांनासुद्धा. तुम्हाला हवी? घ्या, ताजी आहे."

मी वही घेतली आणि तिच्या पहिल्या पानावर चौघांची यादी केली: भिंगरी, आप्पा, साहेब, भाची. चौथा शब्द लिहिताना मला स्वतःचाच राग आला. पण लिहायचं तर सगळं लिहायचं.

वर आले तर साहेब जिन्यात उभे. "एवढं काय शोधताय, बाई? निवृत्तीला पाच महिने राहिलेत. भिंगरी खोटी ठरली तर तुमच्या सहीबद्दल कुणी विचारणार नाही. नाहीतर विचारतील." आणि माझ्या खांद्यावर थोपटून गेले.

४

दुपारी एक वाजता मी लंगडत त्या रस्त्यावर गेले. दोन महिने उशिरा.

साधा रस्ता. डावीकडे विषम आकड्यांची दुकानं, उजवीकडे सम, वरच्या मजल्यावर दुकानदारांची घरं. टोकाला परिषदेचं भलंमोठं सभागृह, आता कुलूपबंद. भाजीवाली, शिलाईवाला, चष्मेवाला. मी फाइलीतल्या क्रमाने चालायला लागले. एक नंबर, मग रस्ता ओलांडून दोन, परत ओलांडून तीन. फॉर्मांवर तारखा परिषदेच्या दिवसांतल्याच होत्या आणि वेळाही तशाच क्रमाने. एक नंबरला दहा वाजून पाच, दोनला सतरा, तीनला एकोणतीस. दर दुकानाला बारा मिनिटं.

चौथ्यांदा रस्ता ओलांडताना माझा पाय खळग्यात पडला. खाली पाहिलं तर डांबरात मुठीएवढं भोक, वर घाईघाईत सिमेंट फासलेलं. दोन हातांवर दुसरं. मग तिसरं. रस्त्याच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, भोकांची सरळ रांग.

घड्याळवाले सदतीस नंबरच्या दुकानात परत येऊन बसले होते. मी विचारलं, "आजोबा, ही भोकं कसली?"

"कुंपणाची. माणसापेक्षा उंच पत्रे उभे केले होते. पलीकडच्या अर्ध्यातून पाहुण्यांच्या गाड्या, अलीकडचा अर्धा बंद. समोरचा चष्मेवाला माझा तीस वर्षांचा मित्र, अकरा दिवस त्याचं तोंड दिसलं नाही. ओरडून बोलायचो."

"पलीकडे जायचं झालं तर?"

"चौकापर्यंत जा, रांगेत उभं राहा, झडती द्या, मग वळसा घालून परत या. पाऊण तास. तुमच्या त्या बाईने पहिल्या दिवशी आमची बाजू संपवली, दुसऱ्या दिवशी पलीकडची केली. शहाणी आहे पोरगी."

मी तिथल्या स्टुलावर बसलेच. कुंपण उभं असताना कुणी बारा मिनिटांत एक नंबरवरून दोन नंबरवर, परत तीनवर जाऊच शकत नव्हतं. तो क्रम पायांनी चाललेला नव्हता. कार्यालयातल्या दुकानांच्या यादीत तो तसा छापलेला होता. ज्याने ते फॉर्म भरले त्याने यादी समोर ठेवली होती आणि या रस्त्यावर पाऊल टाकलेलं नव्हतं.

भिंगरी सुटली होती. मला आनंद व्हायला हवा होता. पण त्याच क्षणी दुसरी गोष्ट डोक्यात आली. फॉर्म भरणाऱ्याने माझ्या सातही खुणा टाळल्या होत्या. एक नाही, दोन नाही, सातही. साहेबांना त्यातली एकही ठाऊक नव्हती. आप्पांना नाही, भिंगरीला नाही. त्या खुणा मी फक्त एकाच जागी सांगितल्या होत्या. घरी, जेवताना, वर्षानुवर्षं, कौतुकाने.

५

"मावशी, जेवलीस का?" भाचीने संगणकाच्या पडद्यावरून नजर न हलवता विचारलं. पडद्यावर वर वर जाणारी रेघ होती.

मी फाइल तिच्यापुढे ठेवली. "छान भरलेत गं फॉर्म. सातही सांभाळल्यास. चहाचा थेंबसुद्धा विसरली नाहीस."

तिचे हात थांबले. ती खोटं बोलेल असं मला वाटलं होतं. बोलली असती तर बरं झालं असतं.

"आकडा परिषदेच्या आधीच ठरला होता, मावशी. शहराने एक खर्च केला की अडीच परत येतात. भाषणात गेला होता, जाहिरातीत गेला होता. बाकी शहराचं गणित बसवता आलं. हॉटेलं भरली होती, गाड्या धावत होत्या. हा एकच रस्ता सगळं खाली ओढत होता. साहेब म्हणाले, तेवढा रस्ता नीट करून घे."

"आणि तू केलास."

"बाराच टक्के लिहिले. जास्त लिहिले असते तर डोळ्यांत आलं असतं."

"पहिलं पान माझ्यापुढे सहीला आणलंस ते तूच. माझ्या उशाशी. गुडघ्याला शेक देत."

तिने पडद्यावरची रेघ बंद केली.

"भिंगरीचं काय होईल याचा विचार केलास?"

"बोर्ड लावतील, म्हातारा तो उपटून आणेल, हे कुणाला ठाऊक होतं?"

"आज सकाळी दहापासून तरी ठाऊक होतं ना? सहा तास होत आले, बाकावर बसलीय ती. तू दोनदा तिच्यासमोरून पाणी प्यायला गेलीस."

"मी या महिन्यात कायम होणार आहे, मावशी!" तिचे डोळे भरले. "मूळ फॉर्म मी टाकून दिले. आता कुठेच नाहीत. तुझ्याकडे पुरावा काय आहे? तुझा संशय? आणि बोललीस तर तुझी सही आहेच की वर. कुठे चुकले ते तरी सांग."

मी नाही सांगितलं. मी या पोरीची वेणी घातली आहे, तिला पाढे शिकवले आहेत. तिच्या डोक्यावर हात ठेवावा की थोबाडीत द्यावी हे मला त्या घडीला खरोखर कळत नव्हतं. घड्याळात चारला पाच मिनिटं कमी होती.

६

साहेबांच्या खोलीत भिंगरी उभी होती. मी तिला खुर्चीत, साहेबांच्या समोर बसायला लावलं. साहेबांना ते आवडलं नाही.

मी सगळं सांगितलं. रिकामा रकाना, कुंपण, भोकांची रांग, वेळांचा क्रम. साहेब शांतपणे ऐकत होते.

"कुंपण होतं? मला कुणी बोललं नाही," ते म्हणाले. "बरं, पण फॉर्म भिंगरीने भरले नाहीत तर भरले कुणी? आणि तिचे म्हणता ते फॉर्म दाखवा. एक तरी दाखवा. नाहीतर या सगळ्या गप्पा आहेत, आणि पडताळणीवर तुमची सही आहे."

"ती सही खोटी आहे. मी त्या रस्त्यावर गेले नव्हते. तसं लिहून देते. आणि फॉर्म कुणी भरले ते इथे आहे."

मी कच्च्या वहीचं पहिलं पान फाडलं. चार जणांपैकी चौथ्या शब्दाभोवती गोल केला आणि कागद साहेबांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांसमोर धरला. वाचला. त्यांच्या ओठांवर हसू आलं, कारण त्यांना वाटलं मी आता रडेन, कागद मागे मागेन आणि प्रकरण मिटेल.

पण भिंगरी समोर बसली होती. तिला कागदाची मागची बाजू दिसत होती.

"बाई," ती पुटपुटली. मग ओरडलीच. "बाई, हे माझं अक्षर आहे!"

मी साहेबांच्या हातातून कागद ओढून घेतला. मागे आमच्या फॉर्माचा खालचा तुकडा होता, शेवटचा रकाना. दुकान क्रमांक सदतीस. बारीक, तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: 'अकरा दिवसांत दुकानात एकच माणूस आलं. तेही हा फॉर्म भरून घ्यायला.'

मी वहीचं पुढचं पान उलटं केलं. चष्मेवाला. त्यापुढचं, शिलाईवाला. 'लग्नाचे कपडे तयार होते, गिऱ्हाइकाला आत सोडलं नाही.' त्यापुढचं. त्यापुढचं.

आप्पांना बोलावलं. ते पडल्या चेहऱ्याने म्हणाले, "विश्लेषण शाखेच्या टोपलीत होता गठ्ठा. वर 'नष्ट करा' लिहिलेलं. पण एक बाजू कोरी होती हो, साहेब. चांगला कागद."

कागद फेकणाऱ्याला वाटलं होतं, कार्यालयात फर्मान निघालं म्हणजे ते पाळलं जातं. मी टेबला-टेबलावरून वह्या गोळा केल्या. एकोणीस निघाल्या. विसावी साहेबांच्या कोपराखाली होती. तिच्यावर त्यांनी उद्याच्या भाषणाचे मुद्दे काढले होते.

७

भिंगरीचं काम राहिलं. तसं पत्र तिला त्याच संध्याकाळी मिळालं. 'शिखर परिषदेबद्दल नागरिकांना वाटणारा अभिमान' मोजण्यासाठी सोमवारपासून दारोदार फिरायचं होतं. ती माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला तसं करू दिलं नाही. कुठल्या तोंडाने करू दिलं असतं?

अहवाल ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी जाहीर झाला. त्या रस्त्याची चौऱ्याऐंशी दुकानं 'तांत्रिक कारणास्तव' वगळली होती. भाचीने बाराच टक्के लिहिले होते आणि बाकी शहराची सरासरी त्याहून जास्त होती. त्यामुळे रस्ताच काढून टाकल्यावर अडीचचा आकडा चढून दोन पूर्णांक सहा झाला. टाळ्या वाजल्या. साहेबांना बढती मिळाली. 'नीट करून घे' हे ते बोलले होते, लिहिलं कुठेच नव्हतं. घड्याळवाल्यांवर सरकारी बोर्ड उपटल्याचा गुन्हा लागला. मला खुलासा मागणारं पत्र आलं, ते रास्तच होतं.

भाचीला काढून टाकलं. ती दुपारी घरी आली आणि बॅग भरायला लागली. मी दारात उभी होते. तिचा नऊ वर्षांची असतानाचा फोटो भिंतीवरच होता. तो तिने घेतला नाही.

"कुठे जाशील?"

"बघते."

"जेवून तरी जा."

ती मान हलवून 'नको' म्हणाली. बॅगेची चेन लावली आणि मग थांबली. "सातही सांभाळल्या होत्या मी. कुठे चुकले, एवढं सांग."

"तू त्या रस्त्यावर गेली नाहीस," मी म्हणाले.

तिने बॅगेवरचा हात काढला.

"साहेबही गेले नाहीत," ती म्हणाली. "आणि मावशी, तूही."

तिने बॅग उचलली आणि माझ्या अंगाला न लागता दारातून निघून गेली.